फुटक्या कोहळ्याचा वेल

आधी अक्कांचं सांगतो, माझं मागून. कारण तंजावुरातली माझी खोली, माझी नोकरी, परसातली वांगी आणि ज्याच्यापायी सगळी गल्ली माझ्याकडे तिरकी बघायला लागली होती तो कोहळ्याचा वेल, हे सगळं अक्कांनी राखलं म्हणून राहिलं. अक्का माझ्या घरमालकीण. सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या, साठी कधीच ओलांडलेल्या. स्कूटर चालवतात, आणि समोरून टाउन बस आली तर बसनं बाजूला व्हावं असं त्यांचं मत आहे. मी त्यांच्या नात्यातला नाही, गोत्यातला नाही. तरी त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. माझ्याच काय, एका भाजीच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि भाजी तर मागून आभारसुद्धा मानत नाही. म्हणून तिच्या वतीनंही मीच मानतो.

माझी शाळा आठवीत सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. आमचा भाग कोरडा. गावातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात लांब लांब गेलेली. गलाई म्हणजे सोनारांकडची मोड, कानशीचा कीस, एवढंच काय, दुकानात झाडू मारून निघालेली धूळसुद्धा भट्टीत वितळवायची आणि तिच्यातलं सोनं-चांदी वेगळं काढायचं. शेजारच्या गावच्या एका शेठचं तंजावुरात गलाईचं दुकान आहे. त्यांनी मला इथं आणलं.

स्वभाव काळजीचा. दुकानातून निघालो की अर्ध्या वाटेवर वाटतं, भट्टीचा गॅस बंद केला का? परत जातो. बंद असतो. पुन्हा निघालो की वाटतं, आत्ता तपासताना चुकून चालू तर नाही केला? शेठ म्हणतात, "गड्या, तुझं अर्धं आयुष्य ह्या रस्त्यावरच जाणार."

खोली मिळत नव्हती. एकटा माणूस, लग्न नाही, तमिळ येत नाही. घरमालक काहीतरी विचारायचे, मी मान हलवायचो. कशाला हो म्हटलं ते मला कळायचं नाही, पण दार बंद झालेलं कळायचं. शेवटी शेठनी अक्कांच्या दारात आणून उभं केलं. मी पाठ करून आणलेलं तमिळ वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. अक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बैस की. जेवलास?"

मराठीत! मी इतका दचकलो की मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

अक्कांच्या घराण्यात मराठी पिढ्यान् पिढ्या आहे, पण इथंच राहून ती तिच्या तिच्या वाटेनं गेली. आपण 'काय करतोयस' म्हणतो तिथं त्या 'काय करूलालास' म्हणतात, आणि वाक्याचं शेपूट तमिळ बायकांसारखं वर उचलतात. देवनागरी वाचता येत नाही. महाराष्ट्र कधी बघितलेला नाही. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुझ्या गावांत सगळे मराठीच बोलतात काय? दुकानांत? बसमधें?"

"सगळे."

"कंडक्टर पण?"

"कंडक्टर तर लई बोलतो, अक्का. ओरडतो."

"मराठींत ओरडतो?" असं म्हणून त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. त्यांच्या आयुष्यात मराठी म्हणजे स्वयंपाकघरात, देवापुढं, आपल्या चार माणसांत बोलायची गोष्ट. तिच्यात कोणी बसभर लोकांवर ओरडतं, हे त्यांना फारच आवडलं. अजून मधूनच आठवण होते. "काय ओरडतो रे तो? पुन्हा म्हण." मग मी छाती फुगवून म्हणतो, "ए, पुढं सरका की! दारात काय पेरणी करायचीय का?" आणि त्या पदर तोंडाला लावून खुर्चीत बसतात.

खोलीच्या मागं परस होतं. धुण्याचा दगड, जाळी टाकून झाकलेली विहीर, कढीपत्त्याचं झाड, केळी, आणि मधे नुसती मोकळी, ओली जमीन. ओली! आमच्याकडे जमीन ओली दिसली की लोक आधी विचारतात, पाइप कुठं फुटला. मी दोन-चार दिवस नुसता तिच्याकडे बघत होतो. मग धीर करून विचारलं, "अक्का, इथं काही लावू का?"

"लाव की. त्यांत विचारायचं काय? मीच सांगणार होतें." त्यांनी कुदळ दिली, बादली दिली, आणि त्यांच्या भावानं जवळच्या ओरत्तनाडू गावाहून मोपेडवर शेणखताचं पोतं आणून टाकलं. भावाच्या पाठीला दिवसभर वास येत होता. त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही, शब्दांची गरजच नव्हती.

वांगी लावली, भेंडी लावली, गवार लावली, आणि काळजीला नवं रान मिळालं. बी टाकलं की मला दम निघेना. सकाळी माती उकरून बघायचो, कोंब आला का. नसला की झाकायचो. दुपारच्या सुट्टीत येऊन पुन्हा उकरायचो. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "काय करूलालास?"

"उगवलं का बघतोय."

"तुझं पांघरूण कोणी असं घडीघडी काढून बघितलं तर तूं झोपशील काय?"

उगवल्यावरही सुख नाही. भेंडी लागली, पण तोडायला हात होईना. झाडाला ओढ बसेल, शेंडा मोडेल, अजून एक दिवस वाढू दे. मी असा विचार करत असताना भेंडी तिकडं जून होऊन लाकूड झाली. अक्कांनी एक तोडून धुण्याच्या दगडावर टकटक वाजवून दाखवली. "हिनें आतां कुत्रें हाकलायचें. तोड रे वेळेवर. ती रडणार नाहीं." त्या दिवसापासून मी तोडायला लागलो, पण प्रत्येक भेंडीला मनातल्या मनात 'येतो हं' म्हणून. पहिली कोवळी भेंडी अक्कांनी परतली, माझ्या ताटात वाढली, आणि मी ती इतकी हळूहळू खाल्ली की भाताचा दगड झाला.

आता कोहळ्याकडे येतो.

इकडे अमावास्येला दुकानदार कोहळा फोडतात. वरून एक चकती कापायची, आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, दुकानावरून ओवाळायचा आणि चौकात नेऊन आपटायचा. दुकानावर पडलेली सगळी नजर कोहळ्यात शिरते आणि त्याच्याबरोबर फुटते. आमचे शेठ गावी होते तेव्हा लिंबू-मिरचीवर भागवायचे. इथं आल्यावर त्यांनी ही पद्धत अशी मनावर घेतली की बाकीच्यांचा कोहळा फुटतो, आमच्या शेठचा उडतो. एकदा तुकडा समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या घागरीत जाऊन पडला, आणि शेठ त्याला शुभ म्हणाले.

मला ते बघवायचं नाही. चांगला पोसलेला, अंगावर पांढरी राख धरलेला कोहळा, आईनं त्याचे वर्षभराचे सांडगे घातले असते, आणि इथं तो रस्त्यावर. उन्हाळा सरतानाच्या एका अमावास्येला शेठनी असाच एक उडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं झाडत होतो तर केराच्या ढिगात बिया. कुंकवानं गुलाबी झालेल्या, गुबगुबीत. आता धंद्याची सवय म्हणा. गलाईवाला केरातलं काही टाकत नाही. जी माणसं धूळ वितळवून बघतात त्यांच्यातलाच मी. माझा हात आपोआप खाली गेला आणि बिया खिशात आल्या.

चौकात पडलेल्या लिंबाला शिवू नये हे मला ठाऊक होतं. कोहळ्याबद्दल घरी कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आमच्याकडे चौकात फेकायला कोहळा उरायचाच नाही.

बिया विहिरीजवळ टोचल्या. एकच उगवली, पण ती बाकी सगळ्यांच्या वाट्याचं उगवली. महिन्याभरात वेल विहिरीच्या जाळीवर चढला. तिथून कपड्यांच्या दोरीवर आला, तेव्हा माझी बनियन त्यानं अशी गुंडाळून धरली की मी नवीन आणली. मग कढीपत्ता, मग न्हाणीघराचं छप्पर, मग टीव्हीची छत्री. अक्कांची मालिका ऐन रंगात आली की चित्र थरथरायचं. त्या म्हणायच्या, "जा, तुझ्या लेकाला सांग, थोडें सरक म्हणून." मी शिडी लावून वर जायचो आणि पानं बाजूला करायचो. एका रविवारी वेल भिंत ओलांडून शेजारच्या मामींकडे गेला आणि त्यांच्या बाजूला एक कोहळा धरून बसला.

मामी हौशी बाई. त्या रोज भिंतीशी येऊन त्या कोहळ्यावरून हात फिरवायच्या. "तंबी, काय सुंदर! बी कुठलं? मला पण दे." इकडे तंबी म्हणजे धाकटा भाऊ, एवढं कळण्याइतकं माझं तमिळ तोपर्यंत बरं झालं होतं, आणि मला कोणी चांगलं म्हटलं की आतून सगळं सांगून टाकावंसं वाटतं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की हे बी विकतचं नाही, आमच्या शेठनी अमावास्येला दुकानापुढं फोडलेल्या कोहळ्यातलं आहे, मी स्वतः रस्त्यावरून वेचलं.

मामींचा हात कोहळ्यावर होता, तो तिथंच थांबला. मग त्यांनी एकेक बोट सुटं करत तो उचलला, पातळाला पुसला, आणि "अय्यो" एवढंच म्हणून त्या मागं न वळता, उलट्या पावलांनी घरात गेल्या.

गल्लीत हिशेब असा बसला. सगळ्या बाजारानं आमच्या दुकानावर टाकलेली नजर त्या कोहळ्यात गेली. कोहळा फुटला, ती बियांत राहिली. तिला मी घरी आणलं, शेणखत घातलं, पाणी पाजलं, आणि आता ती टीव्हीच्या छत्रीपर्यंत पोचली. एवढा वेल नाहीतर कशानं वाढेल? त्याच आठवड्यात मामींचा मिक्सर जळला. त्यांचे जावई येणार होते, ते आले नाहीत. पुढं कळलं की त्यांना रजा मिळाली नव्हती, पण रजा का मिळाली नाही? मामींनी बाजारातून मोठे दात आणि मिशा असलेला राक्षसाचा मुखवटा आणला आणि भिंतीवर माझ्या वेलाकडे तोंड करून टांगला. दोन-तीन दिवसांत वेलानं एक तंतू पुढं केला आणि राक्षसाची मिशी पकडली. मामींनी तो मुखवटा सोडवलासुद्धा नाही. तो गेलाच, असं समजून त्या आत निघून गेल्या.

काळजीचं म्हणाल तर आता मलाच वेलाची भीती वाटायला लागली. पाणी घालताना मी तोंड फिरवून घालायचो.

बातमी सोनारांकडून शेठच्या कानावर गेली. त्या आठवड्यात नेमका भट्टीचा ब्लोअर बिघडला होता आणि नेहमीचे सोनार फिरकले नव्हते. शेठनी मला समोर उभं केलं. "आरं, मी दर आवसंला नजर फोडतोय, अन् तू ती घरी न्हेऊन तिला पानी घालतोस? तरीच म्हनलं, एवढं कोहळं फोडून गुण का येईना!"

"शेठ, मला ठाऊक नव्हतं."

"आता झालं न्हवं ठाऊक? रविवारी मी बघायला येनार. येल दिसला तर दुकानात पाय ठेवायचा न्हाई. सरळ गावाकडची गाडी धरायची."

गाव मला आवडतं. पण तिथं करायला काम नाही, आणि घर आता माझ्यावर चालतं. आणि आई विचारणार, का आलास? मी काय सांगू? बाकीच्यांची पोरं भांडून परत येतात, आजारी पडून येतात. मी एकटाच कोहळ्यामुळं आलेला.

घरी आलो तो विळा घेऊन थेट विहिरीजवळ. बुंधा मनगटाएवढा झाला होता. हात लावला तर गार, ओला, जिवंत. मी म्हटलं, येतो हं. तेवढ्यात खिडकी. "काय करूलालास?"

सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चिरका झाला, त्यामुळे कढीपत्त्यावर बसलेले बुलबुल उडून गेले. अक्का बाहेर आल्या, विळा काढून घेतला आणि म्हणाल्या, "परस कोणाचें?"

"तुमचं."

"शेठ कोण?"

"माझे."

"मग त्यांनी तुज काढावें. वेल कसा काढतात? आज याच्यांतला एक शिजवूं. काय होतें बघूं."

मी म्हटलं, "अक्का, नको, तुम्हांला काही झालं तर..." तर म्हणाल्या, "मज आतां काय व्हायचें राहिलें आहे? गुडघे तर आधींच गेले." आणि त्यांनी सर्वांत मोठा कोहळा दाखवला. मी तो उतरवून विळीपाशी आणून ठेवला. अक्का विळीपासून लांब जाऊन बसल्या. मी बघत राहिलो.

"चीर की."

"मी?"

अख्ख्या कोहळ्याला पहिला घाव बाईनं घालायचा नाही, हे आमच्याकडेही आहे, मी विसरलो होतो. आईसुद्धा बाहेर अंगणात उभी राहून कोणा पुरुषाला हाक मारायची. अक्कांचे यजमान गेल्यापासून ओरत्तनाडूचा भाऊ येऊन चिरून द्यायचा. म्हणजे नजर कोंडलेला कोहळा फोडायचं काम गल्लीतल्या सर्वांत भित्र्या माणसाकडे आलं. मी हात धुतले, पुन्हा धुतले. देवाला नमस्कार केला, अक्कांना केला, कोहळ्यालाही केला. मग डोळे मिटून विळीवर जोर दिला. कोहळा कर्रकन उलला आणि पाण्याचा फवारा माझ्या तोंडावर आला. मी "आई गं!" म्हणून पाटावरून मागं कोसळलो.

अक्का वाकून आत बघत होत्या. "कोठें आहे दिष्टी? बिया आहेत, मगज आहे. तूं बघितलीस काय? उडून गेली वाटतें." आणि पुन्हा त्यांचा पदर तोंडाला.

त्यांनी ताकात नारळ-जिरं वाटून घालून त्याची कढीसारखी भाजी केली आणि मला वाढायच्या आधी स्वतः खाल्ली. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी कपाळाला आठी घातली. मी पाटावरून अर्धा उठलो. "अक्का? काय होतंय?"

"मीठ कमी झालें."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं दार बंद होतं. एरवी ह्या वेळेला त्यांची रांगोळीसुद्धा झालेली असते. मी कान लावला, काही ऐकू येईना. मग दोन्ही हातांनी दार बडवलं. मामींच्या घरची खिडकी उघडली. अक्कांनी दार उघडलं, नाकावर चष्मा, हातात तमिळ पेपर. "काय रे?"

"तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"मेलें नाहीं. पेपर वाचूलालें." आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाल्या, "काल त्या कोहळ्याची भाजी खाल्ली, इतकी छान झोप लागली की उठवेना." मामींची खिडकी हळूच बंद झाली.

रविवार आला. तो आयुधपूजेच्या आधीचा रविवार होता. आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, पण इथं तो कोहळ्यांचा पोळाच. दुकानं, गिरण्या, बस, लॉरी, शिलाई यंत्र, ज्याच्यापाशी म्हणून एखादं हत्यार आहे तो कोहळा ओवाळून फोडतो. आणि नेमकं त्या वर्षी पावसानं कोहळ्यांच्या लॉऱ्या अडकल्या होत्या. बाजारात होते तेवढे बसवाल्यांनी आणि गिरणीवाल्यांनी आधीच उचलले.

शेठ दहाच्या सुमाराला आले. घाम पुसत, रिकामी पिशवी हातात. मला वाटलं, माझे कपडे भरायला आणली. परसात आले आणि वेलाखाली उभे राहिले. वरती छपरावर, दोरीवर, जाळीवर, जिकडं बघावं तिकडं कोहळे. शेठ ओरडायला तोंड उघडून आले होते. ते तोंड उघडंच राहिलं.

"काढला न्हाई व्हय रं अजून," ते म्हणाले, पण आवाजात धार नव्हती. एका कोहळ्याभोवती फिरले. बोटानं वाजवून बघितला. "पोसलाय मातूर."

अक्का चहा घेऊन आल्या. "शेठ, सगळ्या बाजारांत फिरून आलांत वाटतें?"

"आलो, अक्का. एक कोहळा न्हाई. ह्या वर्षी दुकानाची पूजा कशी करायची, इचार करतोय." बोलताना डोळे मात्र वर.

"अरेरे. आणि हे एवढे आहेत, पण उपयोग काय? याच्यांत दिष्टी."

"तसं न्हाई म्हनत मी..."

"तुम्हींच म्हणालांत की. हा आतां विळा घेऊन उभा आहे, काढायलाच." मी खरोखरच विळा घेऊन उभा होतो, पण तो भेंडीसाठी. मी तो पाठीमागं लपवला.

शेठनी चहाचा घोट घेतला. कोहळ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. भिंतीपलीकडे मामी कपडे वाळत घालत होत्या, एकच टॉवेल पुन्हा पुन्हा. अक्का म्हणाल्या, "शेठ, तुमचे वडील काय करीत?"

"गलाईच की."

"त्यांचे वडील?"

"त्यांनीच तर सुरू केली."

"म्हणून तर तुम्हांला न शिकवतां येते. रक्तांतच आहे." शेठनी मान डोलावली. अक्कांनी कोहळ्याला थोपटलं. "आतां याचें बघा. याच्या आईनें तुमच्याच दुकानाची दिष्टी काढली. तुमचें दुकान, तुमचा चौक, सगळें ठाऊक असलेल्या घरांतला हा. दुसरीकडचा नवा आणलात तर त्याला पहिल्यापासून काम शिकवावें लागेल."

शेठ विचार करायला लागले. मी त्यांना सोन्याचा कस बघताना पाहिलंय, तेव्हा त्यांचा चेहरा असा होतो. मग ते एकदम माझ्यावर खेकसले, "आरं बघत काय उभा ऱ्हायलास? उतरव की त्यो मोठा! नीट धर, देठ मोडंल! आन् येलाला पानी घाल, वाळलाय बघ त्या अंगाला!" जाता जाता दारात थांबून म्हणाले, "येल ऱ्हाऊ दे. पन दर आवसंचा कोहळा दुकानाचा. धंद्यातलं बी हाय त्ये." आणि कोहळा पोटाशी धरून, पिशवी दारातच विसरून गेले.

मी धुण्याच्या दगडावर बसलो. तेवढ्यात भिंतीवरून मामी म्हणाल्या, "तंबी, हा आमच्या बाजूला आहे, म्हणजे तसा आमचाच ना?"

दुपारपर्यंत कोहळ्यांसाठी गल्लीतून बायकांची रांग लागली. आयुधपूजेच्या सकाळी आणखी एक घोळ झाला. कोहळ्याची वरची चकती कापायची, तर पहिला घाव पुरुषाचा, आणि गल्लीतले पुरुष आपापल्या कचेरीत, दुकानात, गाडीवर पूजेला गेलेले. आमच्या दुकानाची पूजा संध्याकाळी, म्हणून उरलो मी. ह्या घरून त्या घरी, हातात सुरी, कपाळाला प्रत्येक घरचं कुंकू वेगळं. शाळेत मला कोणी खडू आणायलासुद्धा पाठवलं नव्हतं, आणि त्या दिवशी अख्खी गल्ली माझी वाट बघत होती. मामींकडे कापताना सुरी घसरली तर त्यांनी माझ्या दंडाला धरून धीर दिला. राक्षसाची मिशी अजून वेलाच्या मुठीतच होती. मामींनी त्यालाही कुंकू लावलं.

संध्याकाळी चौकात माझे कोहळे फुटले, एकामागून एक. शेठचा उडाला. तुकडे बघून मी बाहीनं डोळे पुसले. अक्कांनी स्कूटर थांबवली, पाय टेकला आणि म्हणाल्या, "काय रे, रडूलालास?"

"भेंडीसारखंच आहे, अक्का. सवय होईल."

पुढच्या सकाळी झाडू घेऊन चौकात गेलो, तर माझ्या आधी तिथं कोणीतरी वाकलेलं. मामी. इकडं तिकडं बघत गुलाबी बिया वेचून पदराच्या गाठीत बांधत होत्या. मला बघितलं, ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "पैंजण पडलं होतं." मी म्हटलं, "सापडलं का?" म्हणाल्या, "सापडलं." मी पाठ फिरवून झाडायला लागलो, त्यांना अजून चार पैंजणं सापडावीत म्हणून.

वेल पुढं आपोआप वाळला. त्याच्याच बीचा दुसरा आता टीव्हीच्या छत्रीकडे निघालाय. मी अजून इथं आहे, त्याच खोलीत, अजून गॅस बघायला मागं जातो. अक्कांचं हे सगळं मी कशानं फेडणार? मी भेंडी देतो, तर त्या तीच परतून मला वाढतात.

पण एक मी ठरवलंय. त्यांच्या गुडघ्यांची काळजी आहे, प्रवासाची आहे, त्यांना आमच्याकडचं तिखट सोसेल का याचीही आहे, तरी ठरवलंय. एक दिवस मी अक्कांना माझ्या गावी नेणार. तालुक्याच्या स्टँडवर एसटीत बसवणार, खिडकीत रुमाल टाकून जागा मी धरणार. आणि गाडी सुटायच्या आधी कंडक्टरला बाजूला घेऊन हात जोडून सांगणार की दादा, आमच्या अक्का लांबून आल्यात, त्यांच्यासाठी आज जरा मोठ्यानं ओरडा.